हसू कोणावर यावे?

वर्षावास सुरू झाला की आमच्या भोर-वेल्हे भागात पावसाची झड थांबत नाही. संध्याकाळी विहारात ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन होते. ते संपले की तरुण मुले-मुली गोल करून बसतात. एकजण प्रसंग सांगतो, बाकीचे भूमिका वाटून घेतात. कोणी पाटील, कोणी सावकार, कोणी येसकर. लिहिलेले संवाद नसतात. ज्याला जे सुचेल ते त्याने बोलायचे. बसल्या जागी नाटक रंगते.

एके दिवशी प्रसंग होता, मेलेले ढोर ओढायला येसकराला बोलावल्याचा. येसकर झालेल्या मुलाने कमरेत वाकून, तोतरे बोलून अशी काही नक्कल केली की सारा विहार हसला. आम्हीही हसलो. कोपऱ्यातल्या एक आजी मात्र उठल्या. म्हणाल्या, “माझा बाप असाच वाकायचा रं पोरांनो. हौसेनं न्हाई.” आणि भर पावसात घरी गेल्या.

दुसऱ्या दिवशी काहीजण म्हणाले, विनोद बंदच करा, चळवळीच्या विषयात थट्टा नको. आम्हाला हे पटले नाही. नुसता उपदेश सुरू झाला की मुले पांगतात, हा आमचा अनुभव आहे. शिवाय विनोद आपल्या चळवळीला परका नाही.

1873 साली जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे सत्यशोधक जलसे निघाले. त्यांनी तमाशाचाच साचा घेतला, पण त्यात विचार नवा भरला. आंबेडकरी जलसे त्यांच्याच वाटेने पुढे गेले. भीमराव कर्डकांनी आपल्या मंडळींसह गावोगाव जलसे केले आणि 1978 साली ‘आंबेडकरी जलसे: स्वरूप व कार्य’ हे पुस्तक लिहून तो इतिहास जपून ठेवला. या जलशांनी शृंगाराची लावणी टाकली, नाचीचा नाच टाकला, पण सोंगाड्याला घरी पाठवले नाही. दिवसभर राबून आलेला माणूस त्याच्या बोलण्यावर हसायचा आणि हसता हसता शिक्षणाची, व्यसनमुक्तीची गोष्ट ऐकून घ्यायचा.

मग आमचे चुकले कुठे? जलशात हसू यायचे ते भटजीच्या लबाडीवर, सावकाराच्या खोट्या हिशेबावर आणि आपल्यातल्याच अंधश्रद्धेवर. आम्ही मात्र हसलो ते वाकलेल्या पाठीवर.

तो मुलगा आजींच्या घरी गेला. त्यांच्या वडिलांविषयी त्याने विचारले, तासभर ऐकले. पुढच्या आठवड्यात आजी स्वतःहून विहारात आल्या आणि म्हणाल्या, “आज पाटील मी होते.” त्यांनी पदर नाकाला लावला आणि आपल्याच मेलेल्या बैलाभोवती पाटील कसा घिरट्या घालतो, हात न लावता हुकूम कसा सोडतो, ते असे दाखवले की हसून सर्वांची पोटे दुखली. मग येसकर झालेला मुलगा ताठ उभा राहिला आणि म्हणाला, “आजपासून आम्ही ओढणार नाही.” सगळे शांत झाले. त्या शांततेत कोणाला हसावेसे वाटले नाही.

वरंधा घाट उतरला की महाड येते. तिथेच मार्च 1927 मधील परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावरांचे मांस सोडण्याचे आवाहन केले होते. मुंबई राज्यात कनिष्ठ गावकामगारांची वतने रद्द करणारा कायदा 1958 साली झाला. मुलांना हे आम्ही त्या रात्री सांगितले आणि एकही मूल जागचे हलले नाही.

आता आमच्या विहारात तीन गोष्टी ठरल्या आहेत. ज्याने सोसले त्याची टिंगल करायची नाही. पाटील-सावकाराची भूमिका आळीपाळीने प्रत्येकाने करायची, म्हणजे अन्याय करणाऱ्याचे मनही कळते. आणि निर्णयाचे वाक्य आले की सोंगाड्याने गप्प बसायचे.

वाचकहो, आपल्या घरीही जेवणानंतर अर्धा तास टी.व्ही. बंद करून हा खेळ मांडा. आजी-आजोबांना आधी विचारा, मग भूमिका वाटा. मुले हसतील आणि त्यांना आपला इतिहासही कळेल.

जयभीम!