गुन्ह्याचा रकाना आणि नोकरी

चेन्नईच्या उत्तर टोकाला एन्नोर. कामराजर बंदर, वीजकेंद्रं, अशोक लेलँडचा कारखाना अशी मोठमोठी फाटकं या एकाच पट्ट्यात. इथला पोरगा केंद्र सरकारच्या भरतीत निवडला गेला, की त्याच्या हातात पडताळणीचा फॉर्म येतो. कधी अटक, खटला, दंड, शिक्षा? प्रत्येकापुढे हो किंवा नाही. या रकान्याबद्दल ऐकीव माहितीच फार.

गैरसमज : एफआयआरमध्ये नाव आलं, की सरकारी नोकरी विसरायची.

वस्तुस्थिती : एफआयआर म्हणजे आरोप, दोषसिद्धी नव्हे. खटला कशाचा आहे, पद कोणतं आहे, हे पाहून निर्णय होतो. तूत्तुकुडीतल्या स्टरलाइट तांबे कारखान्याविरोधी २०१८ च्या आंदोलनातले बरेच खटले तमिळनाडू सरकारने २०२१ मध्ये मागे घेतले. आंदोलकांच्या शिक्षणाचा आणि नोकरीचा विचारही त्यामागे होता.

गैरसमज : ‘नाही’ लिहून मोकळं व्हावं, कोण बघतंय?

वस्तुस्थिती : पोलीस बघतात. खोटी माहिती दिल्यास अपात्र ठरवलं जाईल, ही ताकीद फॉर्मच्या माथ्यावरच छापलेली असते. अवतारसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये याची प्रतवारी लावून दिली. तरुण वयातल्या घोषणाबाजीसारखा क्षुल्लक गुन्हा लपवला असेल, तर नोकरी देणारा स्वतःच्या अधिकारात तिकडे काणाडोळा करू शकतो. गंभीर गुन्ह्याला ती सवलत नाही. मात्र सगळं खरं लिहिलं, म्हणून नेमणूक मिळालीच पाहिजे, असंही नाही.

गैरसमज : निर्दोष सुटलं, की पाटी कोरी.

वस्तुस्थिती : निकालपत्रातली भाषा महत्त्वाची. तमिळनाडूच्या पोलीस भरतीच्या नियमांत संशयाचा फायदा मिळून किंवा फिर्यादी फितूर झाल्यामुळे सुटलेला उमेदवारही ‘गुन्ह्यात गुंतलेला’च धरतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने २००८ मध्ये हा नियम उचलून धरला. म्हणूनच, सुटका नेमकी कशाच्या आधारावर झाली, हे निकालाची प्रत काढून वाचलेलं बरं.

गैरसमज : अठराच्या आत केलेली चूक जन्मभर नडते.

वस्तुस्थिती : बाल न्याय कायदा, २०१५ चं कलम २४ अशा मुलांना अपात्रतेपासून वाचवतं. सोळा वर्षांवरच्या ज्यांच्यावर अतिगंभीर गुन्ह्यासाठी प्रौढांप्रमाणे खटला चालून दोष सिद्ध होतो, ते याला अपवाद. प्रौढांना १९५८ च्या परिवीक्षा कायद्याचा आधार आहे. चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडलेल्याला शिक्षेमुळे येणारी कायदेशीर अपात्रता चिकटत नाही. खातं मात्र त्या वर्तनाबद्दल स्वतंत्र कारवाई करू शकतं.

गैरसमज : कैद्याच्या हाती गल्ला कोण देणार?

वस्तुस्थिती : उत्तर चेन्नईतल्याच पुळल कारागृहाच्या पेट्रोल पंपावर कैदी गाड्यांत इंधन भरतात. २०२३ मध्ये तिथे महिला कैद्यांनी चालवलेला पंपही सुरू झाला. पुण्यात येरवडा कारागृहाचाही असा पंप आहे. पण पुळलच्या पंपावर काम केलेल्या एखाद्या बाईने सुटकेनंतर दुसऱ्या पंपावर अर्ज केला, तर तिथल्या मालकाने जुना गुन्हा विचारू नये, असा देशव्यापी कायदा भारतात नाही. ठेवायचं की परत पाठवायचं, हे तो मालकच ठरवतो.