पोरगी जेवायला लागली, मग पाय का सुजले?

ॲनोरेक्सिया हा जाड होण्याच्या भीतीने अन्न तोडायला लावणारा आजार. त्यातून बाहेर येत मुलगी चार घास खायला लागली की घराला हायसं वाटतं. तेवढ्यात तिचे पाय सुजतात, पोट फुगतं, रात्री घामाने कपडे भिजतात. मग ‘बाहेरचं लागलं’ म्हणत गंडादोरा सुरू होतो. बाहेरचं काही नसतं. उपाशी शरीर मीठ-पाणी धरून ठेवतं, आतडी मंदावलेली असतात. सूज डॉक्टरांना दाखवा, पण पाणी उतरवायची गोळी मेडिकलवरून आणून देऊ नका.

वजन आधी पोटावर दिसतं. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात १९४४-४५ साली ३६ धडधाकट तरुणांवर अर्धपोटी ठेवण्याचा प्रयोग झाला. पुन्हा खायला लागल्यावर त्यांच्याही अंगावर मांसाआधी चरबीच चढली. वजन टिकलं की ती हळूहळू सारखी पसरते. पाळी यायला कधी आणखी काही महिने लागतात. ‘गाल भरले गं!’ असं कौतुकानेही म्हणू नका. तिला ते ‘जाडी झालीस’ असंच ऐकू येतं.

खरा धोका पहिल्या एक-दोन आठवड्यांत. फार वाळलेल्या मुलीला एकदम भरपूर खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतं, हृदयाचे ठोके बिघडतात. म्हणून सुरुवात रक्त तपासत, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच. धाप, धडधड, बरळणं, झटका यांपैकी काहीही दिसलं तर १०८ बोलवा, हिंगोलीचं जिल्हा रुग्णालय गाठा. मनाच्या त्रासासाठी १४४१६ वर फुकट बोलता येतं, मराठीतूनही.