डायलिसिसच्या पिशवीतली साखर जाते कुठे?

पोटाच्या डायलिसिसमध्ये रक्त शरीराबाहेर येत नाही. पोटाच्या पोकळीत नळीवाटे साधारण 2 लिटर द्रव सोडतात, चार ते सहा तास तिथेच राहू देतात आणि मग काढून टाकतात. दिवसातून तीन-चार वेळा हे करावे लागते. आतडी आणि पोटाची आतली भिंत यांवर पसरलेले पेरिटोनियम हे पातळ आवरण इथे गाळणीचे काम करते. त्यातल्या केशवाहिन्यांमधून युरिया, क्रिएटिनिन द्रवात उतरतात. साचलेले जादा पाणी मात्र ओढून काढावे लागते. त्यासाठी द्रवात बहुतेक वेळा ग्लुकोज मिसळलेले असते.

हे ग्लुकोज 1.36, 2.27 किंवा 3.86 टक्के असते. सर्वांत तीव्र द्रवाच्या 2 लिटर पिशवीत ते सुमारे 77 ग्रॅम भरते. द्रव पोटात शिरला की पाणी दोन वाटांनी बाहेर येते. एक वाट केशवाहिन्यांच्या पेशींमधल्या फटींची आणि दुसरी ॲक्वापोरिन नावाच्या मार्गिकांची. या मार्गिका फक्त पाणी सोडतात, मीठ अडवतात. त्यामुळे पहिल्या तासाभरात पोटातल्या द्रवातले सोडियमचे प्रमाण चक्क घटते.

ही वाहतूक दुतर्फा आहे. ग्लुकोजचा रेणू लहान असल्याने तो त्याच फटींतून रक्तात शिरतो आणि चार-सहा तासांत पिशवीतले 60 ते 80 टक्के ग्लुकोज शोषले जाते. तसतशी पाण्याची ओढ कमी होते, आणि द्रव फार वेळ ठेवला तर पाणी उलट शरीरातच परत जाऊ लागते. आतड्यांवरच्या आवरणातून शोषलेले ग्लुकोज आधी यकृताकडे जाते, पोटाच्या भिंतीतून शोषलेले थेट सर्वसाधारण रक्ताभिसरणात मिसळते. पुढे त्याचे तेच होते जे जेवणातल्या साखरेचे होते: इन्शुलिन स्रवते, गरजेपुरती ऊर्जा वापरली जाते, उरलेल्याची चरबी बनते. दिवसाकाठी अशी 100 ते 200 ग्रॅम साखर तोंडाने एक घासही न घेता शरीरात जाते. ताटातल्या भाताचे माप काटेकोर ठेवायचे आणि पिशवी हिशेबात धरायचीच नाही, असा आहाराचा सल्ला अपुराच म्हणायला हवा. मधुमेही रुग्णाच्या बाबतीत तर तो धोक्याचा आहे.

द्रवातले लॅक्टेटही रक्तात जाते. यकृत त्याचे बायकार्बोनेट बनवते आणि रक्तातली आम्लता आटोक्यात राहते.

या उपचारात रोज 5 ते 15 ग्रॅम प्रथिने निचऱ्याबरोबर निघून जातात. कुपोषित रुग्णाला म्हणून दिवसातली एक पिशवी 1.1 टक्के अमिनो आम्लांची देतात. 2 लिटरमध्ये ती 22 ग्रॅम असतात आणि चार-सहा तासांत त्यांतला बराचसा भाग रक्तात उतरतो. ही पिशवी जेवणाच्या वेळी लावणे इष्ट, कारण पुरेशी ऊर्जा हाताशी नसेल तर शरीर ही अमिनो आम्ले जाळून टाकते, प्रथिने बांधत नाही. एकाहून अधिक पिशव्या दिल्यास युरिया आणि आम्लता वाढते.

रात्रभराच्या मुक्कामासाठी आयकोडेक्स्ट्रिन वापरतात. मक्याच्या स्टार्चपासून बनवलेल्या या ग्लुकोजच्या लांब साखळ्या फटींतून सहज जात नाहीत, म्हणून बारा तासही पाणी ओढत राहतात. त्यांतल्या सुमारे 40 टक्के लसीकावाहिन्यांच्या सावकाश वाटेने रक्तात पोहोचतात. तिथे अमायलेज हे विकर त्यांचे तुकडे करते आणि माल्टोज तयार होते. काही ग्लुकोमीटर हे माल्टोज ग्लुकोज म्हणूनच मोजतात. साखर वाढलेली दिसते, त्यावर इन्शुलिन दिले जाते आणि खरी साखर जिवावर बेतेल इतकी खाली येऊ शकते. त्यामुळे अशा रुग्णासाठी माल्टोजने न फसणाऱ्या पट्ट्याच वापराव्या लागतात. आयकोडेक्स्ट्रिन बंद केल्यावरही सुमारे दोन आठवडे ही काळजी घ्यावी लागते.