मास्ककडे लक्ष कोणाचे?

सुट्टीत दिल्ली, गुरुग्राम किंवा नोएडाला घरी गेले की कोणाच्या तरी वाढदिवसाचे आमंत्रण येते आणि पार्टी असते पेंटबॉलच्या मैदानावर. एअरसॉफ्टची मैदाने त्या मानाने कमी. दोन्ही खेळांत लपायचे, धावायचे आणि समोरच्या संघावर नेम धरायचा. पालकांना दिसते ती बंदूक, म्हणून भीती वाटते ती बंदुकीची. माझ्या मते लक्ष ठेवायचे ते मास्कवर.

थोडे गणित करू. एअरसॉफ्टची गोळी प्लॅस्टिकची, ६ मिलिमीटर व्यासाची आणि बहुधा ०.२ ग्रॅम वजनाची. ती सेकंदाला १०० मीटर वेगाने सुटली तर तिची गतिज ऊर्जा बरोबर १ ज्यूल येते. पेंटबॉल सुमारे १७ मिलिमीटरचा आणि ३ ग्रॅमचा. ९० मीटर वेगाला त्याचे १२ ज्यूल होतात. पाठीवर बसला तर वळ उठतो आणि काही दिवसांत जातो. डोळ्याचे तसे नाही.

नुसता चष्मा पुरत नाही तो यामुळेच. ईएन १६६ या युरोपीय मानकात 'एफ' खुणेच्या चष्म्यावर ०.८६ ग्रॅमची पोलादी गोळी ४५ मीटर वेगाने मारून पाहतात, म्हणजे जेमतेम ०.८७ ज्यूल. 'बी' खुणेच्या गॉगलला तीच गोळी १२० मीटर वेगाने, सुमारे ६ ज्यूल. पेंटबॉल त्याच्याही दुप्पट. म्हणून त्याला कान आणि तोंड झाकणारा, खास त्या खेळासाठी केलेला मास्कच हवा.

आता खरी अडचण. पावसाळ्यातल्या दमट हवेत आणि दिल्लीच्या जानेवारीत श्वासाची वाफ काचेवर बसते. समोरचे दिसेनासे झाले की खेळाडू दोन बोटांनी मास्क उचलून काच पुसतो. लहान मुलांना तर मोठ्यांच्या मापाचे मास्क मिळतात, ते घामाने आपोआप घसरतात. त्या दोन-तीन सेकंदांत समोरच्याला काय माहीत?

मी पाहिलेल्या एका मैदानावर अठरा मुलांमागे एक मार्शल होता. रंगाच्या गोळ्या भरून देणे, गुण मोजणे आणि अडकलेली बंदूक सोडवणे ही कामेही त्याचीच. पालक फॉर्मवर सही करून कॅफेत बसले होते.

याउलट शूटिंग रेंज बघा. तुघलकाबादची डॉ. कर्णी सिंग रेंज १९८२ च्या आशियाई खेळांसाठी बांधली. (देशाच्या रायफल असोसिएशनचे १९५१ मधले पहिले अध्यक्ष आपले दादासाहेब मावळंकर, हे किती जणांना ठाऊक आहे?) दहा मीटर स्पर्धेच्या आंतरराष्ट्रीय नियमांत नेमबाजी चालू नसताना प्रत्येक एअर रायफलच्या नळीतून भडक रंगाची सेफ्टी फ्लॅग आरपार घातलेली असावी लागते. रेंज ऑफिसर 'स्टॉप' म्हणाला की सगळे थांबतात. तिथे सर्वांची तोंडे एकाच दिशेला असतात, तरी एक माणूस केवळ लक्ष ठेवायला उभा. पेंटबॉलमध्ये बंदुका चारी दिशांना वळतात आणि तिथेच माणसे कमी!

म्हणून पालकांनी पैसे भरण्याआधी विचारावे : खेळापूर्वी प्रत्येक बंदुकीचा वेग क्रोनोग्राफवर मोजता का? मैदानाबाहेर येताना नळीवर कापडी कव्हर चढवता का? काच पुसायला जाळीमागे सुरक्षित जागा आहे का? दहा-अकरा वर्षांच्या मुलांसाठी १२.७ मिलिमीटरच्या हलक्या गोळ्यांच्या बंदुका मिळतात, त्यांचीही चौकशी करावी. आणि खुर्ची कॅफेतून उचलून जाळीपाशी आणावी. मुलाचा मास्क वर गेलेला आईला सगळ्यांत आधी दिसतो. तिच्या ओरडण्यावर मार्शल शिट्टी मारून खेळ थांबवेल ना, हेही आधीच ठरवून घ्यावे.

एक गोष्ट आपल्यासाठी, म्हणजे कॅडेटसाठी. "तू मिलिटरी स्कूलचा ना, मग बघ जरा पोरांकडे," असे मावशी-काका हमखास म्हणतात. ऐकायला बरे वाटते, पण खेळणाऱ्याचे डोळे समोरच्या संघावर असतात. मागच्या सुट्टीत मी मावशीला सांगितले, एक तर मी खेळतो किंवा बघतो, दोन्ही जमणार नाही. ती थोडी रागावली. मग काका चहाचा कप घेऊन जाळीपाशी येऊन उभे राहिले.