कोळ्याच्या दंशावरचा उतारा

इटलीच्या दक्षिण टोकास सालेंतो नावाचा रुक्ष, खडकाळ मुलूख आहे. तेथील गव्हातंबाखूच्या शेतांत ऐन जून महिन्यात राबणारी एखादी मजूर स्त्री अकस्मात कोसळली, तर तिला तारांता नावाचा कोळी डसला असे घरचे लोक धरून चालत आणि वैद्याऐवजी वाजंत्र्यांस बोलावणे धाडीत. घरातच जमिनीवर पांढरी चादर अंथरीत. व्हायोलिन, लहानशी पेटी आणि तांबुरेल्लो, म्हणजे कडेला पत्र्याच्या चकत्या लावलेला डफ, यांवर एकामागून एक चाली वाजवून पाहत. ज्या चालीस रोग्याचे अंग हलू लागे तीच त्या कोळ्यास लागू पडणारी, असा तेथला दस्तूर होता. मग ती बाई तासन्‌तास, प्रसंगी दोनदोन दिवस नाचे, आणि वाजंत्र्यांची बिदागी भागविता भागविता घर कर्जात बुडे. नार्दो गावचा लुइजी स्तीफानी हा न्हावी अशा वेळी व्हायोलिन वाजवी आणि आपल्या रोग्यांची हकीकत वहीत टिपून ठेवी. 29 जूनला गालातिना येथे संत पॉलच्या देवळात या बायकांची रीघ लागे.

1959 साली एर्नेस्तो दे मार्तीनो हा पंडित मानसरोगतज्ज्ञ व संगीततज्ज्ञ बरोबर घेऊन या मुलखात उतरला. या कोळ्याचे विष सौम्य, आणि व्याधी मात्र दरवर्षी त्याच ऋतूत उलटणारी. तेव्हा मूळ दंशात नसून लादलेल्या विवाहात, वियोगात आणि दारिद्र्यात शोधावे, असे त्याने 1961 च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. मला त्याचे म्हणणे पटते. जिला एरवी घरात मोठ्याने बोलण्याचीही मुभा नव्हती, तिला कोळ्याच्या नावावर साऱ्या गावादेखत थयथयाट करता येई.

परदेशी गेले ते मात्र या नृत्याचे नेपल्सकडील प्रसन्न भावंड, तारांतेला. शोपँने 1841 मध्ये त्याच्या ठेक्यावर पियानोची रचना केली, ती ऐकताना रोगाची शंकाही येत नाही. इब्सेनने तेवढे मर्म ओळखले: अनंत काणेकरांनी ‘घरकुल’ या नावाने मराठीत आणलेल्या त्याच्या 1879 च्या नाटकात नोरा भयाने व्याकूळ होऊन तारांतेलाच नाचते. पोटासाठी न्यूयॉर्कला गेलेल्या दक्षिणी इटालियनांनी ते लग्नमांडवात नेले, आणि ‘द गॉडफादर’मधील विवाहसोहळ्यामुळे ते जगभर पोचले.

सालेंतोतील मूळ नाच, पित्सिका, पुढे पुष्कळ वर्षे मागासलेपणाची खूण म्हणून लपविला जाई. 1975 मध्ये स्थापन झालेल्या ‘कान्त्सोनिएरे ग्रेकानिको सालेन्तिनो’ या वृंदाने त्याला पुन्हा उजेडात आणले. 1998 पासून दर ऑगस्टात मेलपिन्यानो येथे त्याचा रात्रभर जलसा होतो आणि लाखाच्या वर माणूस लोटतो. 2003 मध्ये त्या जलशाची सूत्रे स्ट्युअर्ट कोपलँड या रॉक संगीतातील ड्रमवादकाकडे सोपविली गेली, तेव्हा जुन्या जाणत्यांनी नाके मुरडली असतील. पण तांबुरेल्लोच्या ठेक्यावर भाळलेला ताशेवाला यजमानांना दुसरा कोण मिळणार होता?