जुना ट्रक, घरचं गॅरेज – भाग ६ : आधी ब्रेक

गेल्या भागात केबिनच्या मागच्या कोपऱ्यांतला सडलेला पत्रा कापून तिथे नवे तुकडे वेल्ड केले आणि केबिन पुन्हा चासीवर बसवली. या टप्प्यावर सगळ्यांचा हात इंजिनाकडे वळतो. केबिन उभी राहिली की ट्रक ट्रकसारखा दिसायला लागतो आणि कधी एकदा सेल्फ मारतो असं होऊन जातं. वाचकांची पत्रंही याच सुरात आहेत : मूळ सहा सिलिंडरचं इंजिन ठेवायचं की व्ही-८ घालायचं? उत्तर याच भागात देतो, पण वाट ब्रेकवरून जाते. घरी ट्रक सजवताना काय काय बदलता येईल, हे आधी ब्रेक ठरवतात आणि मग इंजिन, असं माझं ठाम मत आहे.

नव्या वाचकांसाठी थोडक्यात : आपला ट्रक म्हणजे १९५१ चा शेवर्ले ३१००, अर्ध्या टनाचा पिकअप. शेवर्लेने ही घडण १९४७ च्या उन्हाळ्यात बाजारात आणली आणि १९५५ पर्यंत अमेरिकेत सर्वांत जास्त खपणारा ट्रक हाच होता. शेतकरी, सुतार, प्लंबर यांचा हा रोजचा सोबती. इतके ट्रक बनले म्हणूनच आजही त्याचे बहुतेक सुटे भाग नवे कोरे मिळतात. महाराष्ट्रालाही शेवर्ले हे नाव परकं नाही. जनरल मोटर्सचा जोडणी कारखाना मुंबईत शिवडीला १९२८ पासून १९५४ पर्यंत चालला आणि एसटीच्या सुरुवातीच्या ताफ्यातही बेडफर्डबरोबर शेवर्ले गाड्या होत्या.

आता मुद्द्याकडे. या ट्रकचं वजन रिकामं असताना दीड टनाच्या आसपास आहे. तो बनला तेव्हा कच्च्या आणि दुपदरी रस्त्यांवर ताशी ७० किलोमीटर हा त्याचा सुखाचा वेग होता. आजच्या महामार्गावर तो १०० ने पळवायचा म्हटलं, तर वेग दीडपटीच्याही आत वाढतो, पण थांबवताना जिरवावी लागणारी ऊर्जा दुपटीहून जास्त होते, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ही सगळी ऊर्जा उष्णता होऊन ब्रेकच्या ड्रममध्येच जाते. ड्रम तापला की फुगतो, शूपासून लांब सरकतो, पायडल खाली खाली जायला लागतं. लायनरही तापून गुळगुळीत होतात. घाटात गाडी चालवलेल्याला हे सांगायला नको.

मूळ ब्रेक चारही चाकांना ड्रमचेच आहेत. १९५० पर्यंतच्या ट्रकना हक पद्धतीचे ब्रेक होते, १९५१ पासून बेंडिक्सचे आले. हा बदल आपल्या पथ्यावर पडला आहे. बेंडिक्सच्या रचनेत चाक फिरताना पुढचा शू ड्रमबरोबर ओढला जातो आणि मागच्या शूला ढकलतो, म्हणजे चाकाची गतीच ब्रेक दाबायला मदत करते. म्हणून तर बूस्टर नसतानाही पायाला फार जोर लावावा लागत नाही. हे नीट बांधलेले ब्रेक आजही चांगले आहेत. लोक त्यांना नावं ठेवतात, पण बहुतेकांनी ते कधी नीट बांधून पाहिलेलेच नसतात.

कामाला लागण्यापूर्वी दोन गोष्टी. ट्रक कधीही नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरायचं नाही. चासीखाली भक्कम घोड्या लावायच्या, जॅक उतरवायचा, ट्रक हाताने हलवून बघायचा, मगच आत हात घालायचा. दुसरी गोष्ट धुळीची. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतो. ड्रम काढल्यावर आतली काळी भुकटी कॉम्प्रेसरच्या हवेने उडवायची नाही. ती पाण्याने किंवा ब्रेक क्लीनरने ओली करून फडक्याने टिपायची आणि फडकं पिशवीत बांधून टाकायचं. तोंडावर चांगला मास्क हवा. ही धूळ फुप्फुसात गेली की परत येत नाही.

पुढचा डावा ड्रम निघाला तेव्हा आत काय होतं ते सांगतो, कारण बहुतेक जुन्या गाड्यांत हेच सापडेल. व्हील सिलिंडरच्या रबरी टोपीखाली बोट घातलं तर बोटाला तांबूस चिकट लगदा लागला. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते पाणी वर्षानुवर्षं सिलिंडरच्या तळाशी बसतं आणि बिडाला खड्डे पाडतं. सिलिंडर पुसून टॉर्चच्या उजेडात धरला की खालच्या बाजूला टाचणीच्या टोकाएवढे खड्डे दिसतात. घासून ते जात असतील तर ठीक, नखाला लागत असतील तर सिलिंडर बदलायचा. नव्या रबराला खड्ड्यावरून सरकावं लागलं की ते फाटतंच. आपण चारही नवे घातले, कारण ते स्वस्त आहेत आणि इथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

शू बसवताना होणारी एक चूक फार सर्रास दिसते. प्रत्येक चाकाच्या दोन शूंपैकी एकाचा लायनर आखूड असतो, एकाचा लांब. आखूड लायनरचा शू ट्रकच्या पुढच्या बाजूला आणि लांब लायनरचा मागच्या बाजूला बसवायचा असतो. पुढे सरकताना जास्त जोर मागच्या शूवर येतो, म्हणून त्याला लायनर जास्त. उलटं बसवलं तरी ड्रम आरामात बसतो, चाकही फिरतं, आणि चूक कळते ती थेट रस्त्यावर. म्हणून एका वेळी एकच चाक उघडा. दुसऱ्या बाजूचं न उघडलेलं चाक हाच तुमचा नकाशा.

रबरी पाइप न पाहता बदलायचे. जुना पाइप बाहेरून ठणठणीत दिसतो, पण आतून फुगून त्याचं भोक बारीक झालेलं असतं. पायडल दाबलं की जोराने ऑइल पुढे जातं, सोडलं की मागे यायला तयार नसतं. चाक धरलेलंच राहतं, ड्रम तापतो आणि माणूस उगाच शूचा दोष शोधत बसतो. लोखंडी नळ्याही नव्या करायच्या. घरी काम करणाऱ्यासाठी तांबं-निकेलच्या नळ्या सोयीच्या, कारण त्या हाताने वळतात आणि गंजत नाहीत. मात्र साधी तांब्याची नळी ब्रेकला कधीच चालत नाही. नळीच्या टोकाला दुहेरी फ्लेअर लागतो, म्हणजे टोक उमलवून परत आत दुमडायचं. हे जमेपर्यंत टाकाऊ तुकड्यांवर सराव करा.

एवढं झालं की मूळ ब्रेक नव्यासारखे होतात. मग बदल करायचा तो कुठे? माझ्या मते एकच बदल टाळता येत नाही : मास्टर सिलिंडर. मूळ मास्टर सिलिंडर ड्रायव्हरच्या पायाखाली, फळीच्या खाली चासीला लावलेला आहे आणि चारही चाकांना त्याच्यातून एकच मार्ग जातो. एका चाकाचा पाइप फुटला की चारही ब्रेक गेले, हातात राहतो फक्त हँडब्रेक. अमेरिकी गाड्यांत १९६७ च्या सुमारास दुहेरी मास्टर सिलिंडर आला, ज्यात पुढच्या आणि मागच्या चाकांचे मार्ग वेगळे असतात. जुन्या ट्रकसाठी तसा सिलिंडर मूळ जागेजवळच बसेल अशा पट्टीसह तयार मिळतो. चासी कापावी लागत नाही आणि मूळ सिलिंडर खोक्यात जपून ठेवता येतो. ट्रकच्या शुद्धतेचा कितीही अभिमान असला तरी घरची माणसं त्यात बसणार असतील तर हा बदल करावाच.

पुढच्या चाकांना डिस्क हवेत का? मूळ इंजिन ठेवून राज्यरस्त्यांवर फिरणार असाल तर ड्रम पुरेसे आहेत. डिस्क बसवलेच तर एक लक्षात ठेवा : मास्टर सिलिंडर चासीत खाली असल्यामुळे कॅलिपरमधलं ऑइल उताराने मागे येतं. म्हणून डिस्कच्या मार्गात २ पीएसआयचा आणि ड्रमच्या मार्गात १० पीएसआयचा दाबरक्षक व्हॉल्व्ह लागतो. तो विसरला की पायडल पहिल्या दाबात खोल जातं आणि दुसऱ्या दाबात वर येतं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. आमच्याकडे पायडलवर लेक बसली आणि मी मागच्या उजव्या चाकाशी, कारण सुरुवात मास्टर सिलिंडरपासून सर्वांत लांबच्या चाकाने करायची. "दाब." "दाबलं, बाबा." निपल अर्धा आटा सैल. "खाली गेलं!" "सोडू नकोस हं." निपल घट्ट. "आता सोड." पारदर्शक नळीतून आधी चहासारखं तपकिरी ऑइल येतं, मग बुडबुडे, मग स्वच्छ पिवळसर धार. मग मागचं डावं, पुढचं उजवं, शेवटी पुढचं डावं. साध्या डॉट ३ ऑइलमध्ये सिलिकोनचं डॉट ५ कधी मिसळू नका. शेवटी इंजिन बंद ठेवून पायडल पूर्ण जोराने मिनिटभर दाबून धरा. ते हळूहळू खाली सरकलं तर कुठेतरी गळती आहे. प्रत्येक सांध्याखाली कोरा कागद धरून शोधा.

आता इंजिनाचं उत्तर. मूळ २१६ घनइंचाचं इंजिन नव्वदएक अश्वशक्तीचं आहे. त्याच्या कनेक्टिंग रॉडना ओतीव बॅबिटचे बेअरिंग असतात आणि त्यांना तेल तळातून उडवून मिळतं, म्हणून त्याला लांबवर ताणलेलं आवडत नाही. शिवाय प्रॉपेलर शाफ्ट एका बंद नळकांड्यात आहे. त्यामुळे आधुनिक गिअरबॉक्स घालायची तर मागचा ॲक्सलही बदलावा लागतो. व्ही-८ म्हणजे मग इंजिन, गिअरबॉक्स, ॲक्सल, ब्रेक, बहुधा स्टिअरिंगही. शेवटी उरते ती केबिन. ज्यांना तेच हवं आहे त्यांनी ते जरूर करावं, पण पैशांचा अंदाज तेवढा धरून. मी मात्र १९५४ नंतरचं २३५ घनइंचाचं सहा सिलिंडर इंजिन निवडेन. दिसायला जवळजवळ तेच, बसतं थोड्याच फेरफारांत, आणि तेल सगळ्या बेअरिंगना दाबाने मिळतं. त्याला हे ब्रेक झेपतात.

भारतातल्या वाचकांना एक सूचना. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणीतली मूळ वैशिष्ट्यं बदलतील असे फेरफार आपल्या मर्जीने करता येत नाहीत, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तसंच सांगितलं. २०२१ च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या दुचाकी-चारचाकींना 'व्हीए' अक्षरांची व्हिंटेज नोंदणी खुली केली, पण ती चासी, बॉडी आणि इंजिन मूळ रूपात जपलेल्या खासगी गाड्यांसाठीच आहे. तेव्हा हत्यारं उचलण्याआधी आरटीओत विचारून घ्या.

पुढच्या भागात वायरिंग : ६ व्होल्टचं १२ करताना काय जळतं आणि काय टिकतं. तोवर ज्यांच्या दारात जुनी गाडी उभी आहे त्यांनी ब्रेकचे रबरी पाइप शेवटचे कधी बदलले ते आठवून बघावं. आठवत नसेल, तर या आठवड्यातच बदलून घ्या.