धूर कुणाचा? काजळीच सांगते!

हिवाळ्याच्या सकाळी अंधेरीत हायवेकडे पाहावे, तर समोरच्या इमारती धुरकटात हरवलेल्या दिसतात. हा धूर कुणाचा, यावर वाद नेहमीचाच. कुणी गाड्यांना दोष देतो, कुणी वस्तीतल्या चुलीला. गरिबाकडे बोट दाखवणे सोपे असते. म्हणून शास्त्र काय म्हणते, ते आम्ही येथे देत आहोत.

कार्बनचा एक विरळा प्रकार आहे, कार्बन-१४. तो वातावरणात सतत तयार होतो आणि झाडे तो हवेतून घेतात. त्यामुळे लाकूड, गोवरी, पालापाचोळा यांच्या काजळीत तो सापडतो. मात्र दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. कोळसा, पेट्रोल, डिझेल, रॉकेल हे कोट्यवधी वर्षे जमिनीत गाडलेले. त्यांच्यात तो उरलेलाच नसतो. काजळीतला कार्बन-१४ मोजला, की किती धूर लाकूडफाट्याचा आणि किती खनिज तेल-कोळशाचा, याचा हिशेब लागतो.

हा हिशेब आपल्या सिंहगडावर झाला आहे. स्टॉकहोम विद्यापीठ आणि पुण्याची भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्था यांच्या शास्त्रज्ञांनी तेथील आणि मालदीवमधील हिवाळी हवेचे नमुने तपासले. निष्कर्ष २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात आले. हवेतील कार्बनयुक्त कणांपैकी दोन तृतीयांश लाकूडफाटा व शेतातला काडीकचरा जाळल्याचे निघाले. काळ्या काजळीत हा वाटा निम्मा ते दोन तृतीयांश होता. उरलेला खनिज इंधनाचा. म्हणजे दोन्हीकडे उपाय हवेत, एकट्या चुलीला दोष देऊन भागणार नाही.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. प्लास्टिक खनिज तेलापासून बनते. कचऱ्यात जळणारे प्लास्टिक या मोजणीत खनिज इंधनाच्याच बाजूला पडते. आणि लाकडाचा धूर चुलीचा की शेतातल्या आगीचा, हे कार्बन-१४ सांगू शकत नाही.

काजळी ऊन शोषून हवा तापवते. पण कार्बन डायऑक्साइड शतकानुशतके टिकतो, तर काजळी काही दिवसांत, फार तर आठवड्या-दोन आठवड्यांत खाली बसते. ती थांबवली तर गुण लवकर दिसतो.

चुलीपुढच्या माउलीच्या छातीत हा धूर सर्वांत आधी जातो. २०१६ च्या उज्ज्वला योजनेने अनेक घरांत गॅस पोहोचला. पण दुसरा सिलिंडर भरायला पैसे नसतील, तर चूल पुन्हा पेटतेच. तिला दोष देण्याआधी तिच्या घरी सिलिंडर परवडतो का, हे विचारावे. आणि आपल्या गल्लीत कचरा पेटवला जात असेल, तर तो आजच थांबवावा.